विश्लेषण : खांद्याची ‘नस’ तुटली, पण स्नायू किती उरला? एमआरआय ते कसे मोजते?

बांधावरून पाय घसरला, पडताना हात टेकला आणि खांद्यात कट्‌कन आवाज झाला. चार दिवस मालिश, आठ दिवस गोळ्या. दुखणे कमी झाले म्हणून रोवणी उरकली. मग कापणी आली, मग चुरणी. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. वर्ष उलटल्यावर लक्षात आले की शर्टाची बाही घालायला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागते आणि फळीवरचा डबा काढता येत नाही. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात ही कहाणी कुणालाच अनोळखी वाटणार नाही.

अशा रुग्णाच्या एमआरआय अहवालात दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली, कंडरा किती फाटली. दुसरी, त्या कंडरेला जोडलेला स्नायू किती सुकला आणि त्यात किती चरबी शिरली. रुग्ण आणि नातेवाईक बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट विचारतात. शस्त्रक्रिया यशस्वी होईल का, याचे उत्तर मात्र बरेचसे दुसऱ्या गोष्टीत असते. फाटलेली कंडरा शिवता येते. चरबी झालेला स्नायू शिवून परत येत नाही. म्हणूनच हा बदल मोजणे महत्त्वाचे ठरते.

खांद्यात नेमके काय तुटते?

गावाकडे ‘खांद्याची नस तुटली’ असे म्हणतात. तुटते ती नस नसते, कंडरा असते. स्नायूचे टोक ज्या पांढऱ्या, चिवट पट्ट्याने हाडाला जोडलेले असते, त्याला कंडरा म्हणतात. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात.

खांद्याचा सांधा शरीरातला सर्वात जास्त फिरणारा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ वाटीवर टेकलेला असतो. वाटी इतकी उथळ की माथा तिच्यातून सहज घसरावा. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम चार स्नायू करतात. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस अशी त्यांची नावे. हे चारही स्नायू खांद्याच्या पात्यावरून निघतात आणि त्यांच्या कंडरा दंडाच्या माथ्याला गळपट्ट्यासारख्या वेढून बसतात. या गळपट्ट्याला रोटेटर कफ म्हणतात.

त्यातली सर्वाधिक फाटणारी कंडरा सुप्रास्पायनेटसची. ती पात्याच्या वरच्या खोबणीतून निघून खांद्याच्या छताखालून जाते आणि हात बाजूने वर उचलायला मदत करते. फाटण्याचे प्रकार दोन. पडल्याने, झटका बसल्याने एकदम फाटणे आणि वयानुसार झिजून हळूहळू फाटणे. चाळिशी-पन्नाशीनंतर पुष्कळदा दोन्ही एकत्र येतात. आधीच झिजलेली कंडरा एखाद्या पोत्याच्या झटक्याने तुटते आणि रुग्णाला वाटते की सगळे त्याच दिवशी झाले. मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे कंडरा आणखी कमकुवत होते आणि शिवल्यावर भरून यायलाही वेळ लागतो.

कंडरा तुटली तर स्नायू का बिघडतो?

स्नायू कायम थोडा ताणलेला असतो. एका टोकाला पाते, दुसऱ्या टोकाला दंडाचे हाड. एक टोक सुटले की ताणलेली दोरी सोडल्यावर होते तेच होते. स्नायू मागे सरकतो, आखूड होतो. डॉक्टर याला ‘रिट्रॅक्शन’ म्हणतात. कंडरेचे तुटलेले टोक कुठवर मागे गेले, याचे तीन टप्पे फ्रेंच शल्यचिकित्सक पॅट यांच्या नावाने ओळखले जातात. टोक आपल्या मूळ जागेजवळ असेल तर पहिला, दंडाच्या माथ्याच्या वर असेल तर दुसरा आणि थेट वाटीपर्यंत मागे गेले असेल तर तिसरा.

मागे सरकलेला स्नायू काम करत नाही. काम न करणारा स्नायू सुकतो, प्लास्टर काढल्यावर पाय बारीक दिसतो तसा. पण खांद्यात याच्या जोडीला आणखी एक बदल होतो. स्नायूच्या तंतूंमध्ये चरबी शिरू लागते.

असे का होते, याचा एक महत्त्वाचा दुवा स्वित्झर्लंडच्या झुरिचमधील ख्रिश्चन गर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मेंढ्यांवरील प्रयोगांतून मिळाला. स्नायूचे तंतू कंडरेला सरळ नव्हे, तिरपे जोडलेले असतात. कंडरा सुटून स्नायू आखडला की तंतू अधिक तिरपे आणि आखूड होतात. त्यामुळे त्यांच्यामध्ये मोकळी जागा तयार होते आणि ती जागा चरबी भरून काढते. म्हणजे ही चरबी जास्त खाण्याने आलेली नसते. बारीक अंगाच्या, दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या खांद्यातही ती तशीच येते.

स्नायू नुसता सुकणे आणि त्यात चरबी शिरणे, या दोन बदलांत फरक आहे. सुकलेला स्नायू कंडरा जोडल्यावर आणि व्यायामाने काही प्रमाणात भरू शकतो. पुढच्या टप्प्याला गेलेली चरबी मात्र यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही सहसा मागे हटत नाही. फार तर आहे तिथे थांबते. कंडरा जुळली नाही किंवा पुन्हा फाटली, तर ती वाढतच जाते.

एमआरआयला चरबी वेगळी कशी दिसते?

एमआरआय यंत्रात क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साह्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळवले जातात. या तंत्राच्या पायाभूत शोधांसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हायड्रोजन पाण्यातही असतो आणि चरबीतही. स्नायू म्हणजे मुख्यतः पाणी. रेडिओ लहरीचा धक्का दिल्यावर चरबीतील हायड्रोजन लवकर पूर्वस्थितीला येतो, पाण्यातील हायड्रोजनला वेळ लागतो. या फरकावर आधारलेल्या ‘टी-वन’ प्रकारच्या चित्रात चरबी पांढरीशुभ्र आणि स्नायू करडा दिसतो. निरोगी स्नायू एकसारखा करडा. बिघडू लागलेल्या स्नायूत आधी पांढऱ्या रेघा, मग पट्टे आणि शेवटी पांढऱ्यात उरलेले करडे तुकडे.

खांद्याच्या एमआरआयमध्ये बरीचशी चित्रे चरबीचा संकेत मुद्दाम दाबून काढली जातात, कारण त्यात सूज आणि फाट ठळक दिसते. अशा चित्रांवरून चरबीचे प्रमाण ठरवता येत नाही. त्यासाठी चरबी न दाबलेले टी-वन चित्र लागते आणि तेही योग्य जागेच्या कापाचे.

स्नायू किती सुकला, हे कसे मोजतात?

योग्य कापाला ‘वाय-व्ह्यू’ म्हणतात. खांद्याचे बाजूने, उभे काप घेत गेले की एका ठिकाणी पात्याचे हाड गलोलीसारखे, इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसते. वायच्या दोन फांद्यांमध्ये वरची खोबण असते आणि त्यात सुप्रास्पायनेटस स्नायू बसलेला असतो. मोजमाप याच कापावर होते.

पहिली पद्धत रेषेची. खोबणीच्या दोन्ही काठांना जोडणारी एक रेषा ओढायची. निरोगी स्नायू फुगीर असल्याने या रेषेच्या वर येतो. स्नायू रेषेच्या खाली राहिला तर तो लक्षणीय सुकला आहे. याला ‘टँजंट साइन’ म्हणतात. झुरिचमधील झानेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये ही खूण मांडली. भरलेल्या बांधीत पाणी काठाला लागते, आटलेल्या बांधीत खाली जाते, तसाच हा हिशोब.

दुसरी पद्धत गुणोत्तराची. खोबणीचे एकूण क्षेत्रफळ किती आणि त्यातले स्नायूने किती व्यापले, हे मोजायचे. फ्रान्समधील थोमाझो यांनी १९९६मध्ये दिलेल्या श्रेणीनुसार ०.६०च्या वर असेल तर स्नायू ठीक किंवा किंचित सुकलेला, ०.४० ते ०.६० दरम्यान मध्यम सुकलेला आणि ०.४०च्या खाली तीव्र सुकलेला. म्हणजे दहा वाटे जागेपैकी स्नायू चार वाट्यांपेक्षाही कमी उरला, तर चिंतेची बाब.

गुतालिए श्रेणी म्हणजे काय?

चरबीसाठी जगभर वापरली जाणारी श्रेणी फ्रेंच शल्यचिकित्सक दानिएल गुतालिए आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये दिली. ती मुळात सीटी स्कॅनसाठी होती. १९९९मध्ये फुक्स आणि सहकाऱ्यांनी ती एमआरआयवरही लावून दाखवली. श्रेणी ० ते ४ अशी आहे.

श्रेणी ० : स्नायूत चरबी नाही.
श्रेणी १ : चरबीच्या थोड्या रेघा.
श्रेणी २ : चरबी आहे, पण स्नायूपेक्षा कमी.
श्रेणी ३ : चरबी आणि स्नायू समसमान.
श्रेणी ४ : स्नायूपेक्षा चरबी जास्त.

अहवालात ‘गुतालिए ग्रेड’ असे लिहिलेले असेल तर ते हेच. श्रेणी २ आणि ३ यांच्यामधली रेषा शल्यचिकित्सकांसाठी मोलाची आहे. श्रेणी ३ किंवा ४ असलेल्या स्नायूची कंडरा शिवली तर ती न जुळण्याची किंवा पुन्हा फाटण्याची शक्यता वाढते. जुळली तरी ताकद अपेक्षेइतकी परतत नाही.

डोळ्यांचा अंदाज की आकडा?

या श्रेणीची एक अडचण आहे. ती डोळ्यांनी पाहून दिली जाते. ‘स्नायूपेक्षा कमी’ आणि ‘समसमान’ यांच्या सीमेवरचे चित्र एका तज्ज्ञाला श्रेणी २ वाटते, दुसऱ्याला ३. शिवाय एकाच श्रेणीत थोडी चरबी असलेला आणि बरीच चरबी असलेला, असे दोन्ही रुग्ण बसतात. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तर फरक पडला की नाही, हे अशा ढोबळ श्रेणीतून सांगणे कठीण.

म्हणून आता आकड्यात मोजण्याकडे कल आहे. त्याचे मुख्य साधन म्हणजे डिक्सन तंत्र. थॉमस डिक्सन यांनी ते १९८४मध्ये मांडले. पाण्यातील आणि चरबीतील हायड्रोजन किंचित वेगळ्या गतीने ‘फिरतात’. १.५ टेस्लाच्या यंत्रात हा फरक सेकंदाला साधारण २२० फेऱ्यांचा असतो. त्यामुळे एका क्षणी दोघांचे संकेत एकाच दिशेला असतात आणि त्यांची बेरीज होते. त्यानंतर सुमारे २ मिलिसेकंदांनी ते विरुद्ध दिशेला येतात आणि वजाबाकी होते. या दोन क्षणांची चित्रे घेतली की गणिताने पाणी वेगळे आणि चरबी वेगळी काढता येते. मग चित्राच्या प्रत्येक ठिपक्यात चरबी किती टक्के, हा थेट आकडा मिळतो. त्याला ‘फॅट फ्रॅक्शन’ म्हणतात.

दुसरी सुधारणा म्हणजे एका कापाऐवजी संपूर्ण स्नायूचे घनफळ मोजणे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कंडरा तुटून स्नायू आत सरकला की वाय-व्ह्यूच्या कापात त्याचा जाड भाग येतच नाही, त्याचे निमुळते टोक येते. त्यामुळे स्नायू आहे त्यापेक्षा जास्त सुकलेला वाटतो. शस्त्रक्रियेत तोच स्नायू बाहेर ओढून जोडला की लगेच घेतलेल्या एमआरआयमध्ये तो भरलेला दिसतो. प्रत्यक्षात स्नायू एक ग्रॅमही वाढलेला नसतो, फक्त जागा बदललेली असते. सगळ्या कापांतील स्नायू मोजून बेरीज केली तर ही फसगत टळते. पूर्वी प्रत्येक कापावर हाताने सीमारेषा आखाव्या लागत, त्याला बराच वेळ जाई. आता संगणकाला शिकवून या रेषा आपोआप आखणारी साधने संशोधनात वापरली जात आहेत. रोजच्या अहवालात मात्र अजून बहुतांश ठिकाणी डोळ्यांनी दिलेली श्रेणीच असते.

या मोजमापावरून काय ठरते?

सर्वात आधी, घाई किती करायची हे. फ्रान्समधील मेलिस, वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये १,६८८ रुग्णांच्या नोंदींवरून एक कालरेषा मांडली. सुप्रास्पायनेटस स्नायूत मध्यम प्रमाणात चरबी लक्षणे सुरू झाल्यापासून सरासरी ३ वर्षांनी दिसली आणि तीव्र प्रमाणात सरासरी ५ वर्षांनी. टँजंट साइन सरासरी साडेचार वर्षांनी दिसू लागले. वय जास्त आणि तुटलेल्या कंडरा एकाहून अधिक असतील, तर बदल अधिक दिसले.

ही सरासरी आहे, मुदत नव्हे. तीन वर्षे हातात आहेत असा तिचा अर्थ लावू नये. मोठ्या, मागे सरकलेल्या फाटीत बदल काही महिन्यांतही दिसू लागू शकतात. पण ‘या हंगामानंतर बघू’ म्हणत दोन-तीन हंगाम गेले तर काय गमावले जाते, ते या आकड्यांतून कळते.

दुसरे, उपचार कोणता हे. स्नायू चांगला असेल आणि फाट आरपार असेल, तर दुर्बिणीतून कंडरा शिवण्याचा पर्याय खुला राहतो. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत आणि जड काम काही महिने बंद. स्नायूत चरबी फार झाली असेल तर शिवण्याचा फायदा मर्यादित. मग तुलनेने तरुण रुग्णात पाठीचा दुसरा स्नायू वळवून आणण्याचा, तर वयस्क रुग्णात सांधाही खराब झाला असल्यास ‘रिव्हर्स’ प्रकारचा कृत्रिम सांधा बसवण्याचा विचार होतो. या सांध्याची आधुनिक रचना फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांची, १९८०च्या दशकातली. हे उपाय शिवण्यापेक्षा मोठे, महाग आणि मोजक्या ठिकाणी होणारे आहेत. वेळेवरची तपासणी आणि उशिराची तपासणी यांतला फरक इथे खिशाला आणि हाताला जाणवतो.

तिसरे, अपेक्षा किती ठेवायची हे. वेदना कमी होणे आणि ताकद परत येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. स्नायू बराच गेला असेल तर शस्त्रक्रियेनंतर दुखणे थांबेल, पण डोक्यावर पोते चढवता येईलच असे नाही. कोणते काम पुन्हा करता येईल, हे आधीच कळले तर घरातल्या कामांची आणि पैशांची मांडणी तशी करता येते.

मग प्रत्येक खांदेदुखीला एमआरआय हवा का?

नाही. ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जपानमधील एका डोंगरी गावात ६८३ रहिवाशांचे खांदे सोनोग्राफीने तपासण्यात आले. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत तपासलेल्या खांद्यांपैकी २०.७ टक्के खांद्यांमध्ये कंडरा आरपार फाटलेली आढळली. त्यातल्या अनेकांना काहीच त्रास नव्हता. वय, पूर्वीची दुखापत आणि रोजच्या कामाचा हात, या तीन गोष्टींशी फाटीचा संबंध दिसला. म्हणजे एमआरआयमध्ये फाट दिसली म्हणून दुखण्याचे कारण तीच, असे गृहीत धरता येत नाही.

झिजून झालेली फाट व्यायामानेही आटोक्यात येऊ शकते. अमेरिकेत अपघाताशिवाय आरपार फाट झालेल्या ४५२ रुग्णांना ठरावीक फिजिओथेरपी देण्यात आली. दोन वर्षांत त्यातल्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी जणांना शस्त्रक्रियेकडे जावे लागले. पन्नाशीपुढच्या, हळूहळू दुखू लागलेल्या खांद्यासाठी पहिला उपाय बहुतेक वेळा व्यायामच असतो.

खांदा आखडला असेल, म्हणजे दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर ते फ्रोझन शोल्डर असू शकते. मधुमेह असलेल्यांत ते जास्त आढळते. कंडरा तुटलेल्या रुग्णात सहसा उलटे असते. दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो, स्वतःच्या ताकदीने जात नाही किंवा वर नेलेला हात धरून ठेवता येत नाही. हा फरक तपासायला यंत्र लागत नाही.

साधा एक्स-रेही उपयोगी पडतो. दंडाचा माथा आणि वरचे छत यांच्यातील अंतर ७ मिलिमीटरपेक्षा कमी झाले असेल तर मोठी, जुनी फाट असण्याची शक्यता वाढते. अनुभवी हातातली सोनोग्राफी फाट दाखवू शकते आणि ती स्वस्तही पडते. स्नायूतील चरबीचे नेमके प्रमाण आणि आत सरकलेले टोक पाहायला मात्र एमआरआय सरस.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. कंडरा शाबूत असूनही स्नायू सुकू शकतो. पात्याजवळून जाणारी नस दबली किंवा मानेतील नसेवर दाब आला, तरी हेच दोन स्नायू बारीक होतात. अशा वेळी एमआरआयमध्ये स्नायूचा पोत वेगळा दिसतो आणि उपचारही पूर्ण वेगळा असतो.

नागभीडच्या रुग्णासाठी याचा अर्थ काय?

नागभीड हे रेल्वेचे जंक्शन. पण नागपूरला जाणारी छोटी रेल्वे २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि त्यानंतर रुग्णांचा भार रस्त्यावर आला. चंद्रपूर आणि नागपूर, दोन्ही साधारण शंभर किलोमीटरवर. एमआरआयसाठी जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, सोबतच्या माणसाची मजुरी, गाडीभाडे आणि तपासणीचा खर्च. दुखणे सहन होत असेल तोवर हा खर्च पुढे ढकलला जाणे समजण्यासारखे आहे.

याच जिल्ह्याशी जोडलेली एक घडामोड इथे नोंदवण्यासारखी आहे. बेंगळूरुच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने १.५ टेस्लाचे एमआरआय यंत्र भारतात विकसित केले आणि त्याची पहिली उभारणी चंद्रपूर कॅन्सर केअर फाउंडेशनच्या रुग्णालयात झाल्याचे वृत्त २०२५मध्ये आले. पारंपरिक यंत्रातील चुंबक गार ठेवण्यासाठी मोठ्या प्रमाणात द्रव हेलियम लागतो. तो महाग असतो आणि आयात करावा लागतो. हे अवलंबित्व टाळणे हा या यंत्राच्या रचनेमागचा एक हेतू. ते यंत्र कर्करोगाच्या रुग्णालयात आहे, खांद्याच्या रुग्णांसाठी नाही. पण यंत्रे स्वस्त झाली आणि हेलियमची अट गेली, तर ती मोठ्या शहरांबाहेर पोहोचण्याची शक्यता वाढते. स्नायूतील चरबी मोजण्यासाठी याहून वेगळे यंत्र लागत नाही. १.५ टेस्लाचे यंत्र, योग्य काप आणि ते वाचणारा तज्ज्ञ, एवढे पुरते.

तोपर्यंत शंभर किलोमीटरचा प्रवास कुणी आणि कधी करायचा, हे नीट ठरवणे हाच उपाय. पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात अचानक वर जाईनासा झाला आणि दोन-तीन आठवड्यांतही ताकद परतली नाही, तर थांबू नये. खांद्याच्या पाठीमागे पात्यावर खड्डा दिसू लागला, तर तो स्नायू सुकल्याचा बाहेरून दिसणारा पुरावा आहे. ग्रामीण रुग्णालयात दाखवून अस्थिरोगतज्ज्ञाची चिठ्ठी घ्यावी. उलट, हळूहळू सुरू झालेले, रात्री ठणकणारे, पण ताकद शाबूत असलेले दुखणे असेल तर आधी काही आठवडे व्यायाम करून बघता येतो.

तपासणीला जाताना काय लक्षात ठेवावे?

खांद्याच्या साध्या एमआरआयला बहुधा इंजेक्शन लागत नाही. साधारण अर्धा तास न हलता पडून राहावे लागते आणि यंत्राचा आवाज मोठा असतो. पेसमेकर, कानातील कॉक्लियर यंत्र, मेंदूतील क्लिप किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधीच सांगावे. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम केलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही सांगावे.

फिल्मसोबत सीडी मागून घ्यावी. छापील फिल्मवर मोजकीच चित्रे असतात आणि स्नायू मोजायला लागणारा वाय-व्ह्यू त्यात नसू शकतो. सीडी असली तर दुसऱ्या डॉक्टरला पुन्हा एमआरआय न करता मोजता येते. ती घरी जपून ठेवावी, पुढच्या तपासणीशी तुलना करायला तीच कामाला येते.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. फाट अर्धवट आहे की आरपार? टोक किती मागे सरकले आहे? स्नायू किती सुकला आहे? आणि त्यात चरबीची श्रेणी किती? अहवालात शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर रेडिओलॉजिस्टकडून ती लिहून मागता येतात. चित्रे तर आधीच काढलेली असतात.

शस्त्रक्रिया सुचवली गेली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारावे. योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. सुचवलेली शस्त्रक्रिया यादीत बसते का आणि कोणत्या रुग्णालयात होते, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे. सोबत शिधापत्रिका आणि आधार कार्ड ठेवावे.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरवताना हंगाम पाहावाच लागतो. कंडरा शिवल्यावर चार-सहा महिने जड काम बंद असते, त्यामुळे रोवणीच्या तोंडावर ती करून घेणे कुणालाच परवडत नाही. पण हंगामाचा हिशोब करण्यासाठी स्नायूचा हिशोब आधी हातात हवा. श्रेणी १ असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कापणी उरकेपर्यंत थांबता येईल का, हे विचारता येते. श्रेणी २ वरून ३ कडे चालली असेल तर पुढचे दोन महिनेही मोलाचे असतात.